चतुःसीमा

अण्णांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीत साच्यावर, आणि बाहेर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. त्या गॅलरीच्या कठड्याचा जेवढा भाग वाटणीला येई, तेवढ्यात आईनं डालडाच्या डब्यांतून तुळस, ओवा आणि एक अबोली जगवली होती. सणासुदीला चाळीत पाहुणे उतरले, की सकाळी अबोलीला एक फूल दिसत नसे. विचारायचं कुणाला? गॅलरी सगळ्यांची.

गावची तऱ्हा याहून वाईट. कणकवलीपासून आत जमीन होती, पण सातबाऱ्यावर पणजोबांपासूनच्या वारसांची नावं चढत गेली होती. चुलते, चुलतचुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुंबईतली नि बडोद्यातली मुलं. एक कलम लावायचं म्हटलं तरी कुणाची तरी हरकत यायची. जुन्या आंब्याचे आंबे वानरं खायची आणि वाटेकरी मुंबईत बसून एकमेकांवर संशय घ्यायचे. अण्णा मे महिन्यात जात, गडग्यावर बसत, परत येत. रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपातून निवृत्त होईपर्यंत त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. घरात विषय निघाला की बायकोला, म्हणजे काकींना, ते सांगायचे, "माका माझ्या एकट्याच्या नावाचो तुकडो व्हयो. हातभर असूंदे."

घर मात्र शिवाजी पार्कात, मैदानापासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर. ते काकींच्या वडिलांच्या पागडीच्या जागेतून आलेलं. ऐंशीच्या दशकात घरमालक थकला, चौदा भाडेकरूंनी मिळून सोसायटी केली आणि त्याचा इमारतीवरचा नि जमिनीवरचा हक्क विकत घेतला. तेव्हापासून अण्णा स्वतःला घराचे मालक म्हणवून घेत, आणि त्यात काही वावगं नव्हतं. अडचण एवढीच होती की त्यांच्या खिडकीबाहेर जी सात-आठ फुटांची पट्टी होती, तिथं सोसायटीची राबिटाची पोती, फुटक्या लाद्या आणि एक मेलेली स्कूटर पडलेली असे. कुंड्या ठेवल्या तर दुसऱ्या मजल्यावरून पत्र येई, की सामायिक जागेत अतिक्रमण झालं आहे.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे माईंचं घर. शिवाजी पार्कात असली दुमजली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. माई एकट्या राहत. मूलबाळ नव्हतं, पुतण्या ठाण्याहून अधूनमधून येई. घरामागून अण्णांच्या भिंतीला लागून बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब अशी जागा होती. तिथं माईंच्या सासऱ्यांनी लावलेला सोनचाफा, दोन नारळ, आणि बाकी रान. अण्णांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. चाफा फुलला की काकी पोळ्या लाटता लाटता थांबत.

2011 च्या उन्हाळ्यात माईंच्या गच्चीला तडे गेले. पावसाआधी वॉटरप्रूफिंग करायला हवं होतं आणि पैसे नव्हते. त्या भिंतीशी येऊन म्हणाल्या, "अण्णा, ही मागची पट्टी तुम्हीच का घेत नाही? मला आता तिथवर जाववतही नाही."

अण्णांना रात्रभर झोप नाही. सकाळीच त्यांनी लंडनला भाच्याला फोन लावला. भाचा तिकडे फ्लॅटमध्ये राहत होता, तोही लीजवरच्या. तो म्हणाला, "मामा, इथं तर सर्रास होतं. माझ्या खालच्या मजल्यावरच्यानं शेजाऱ्याच्या बागेचा तुकडा घेतला. फ्लॅट लीजवर राहिला आणि तुकड्याची मालकी त्याच्या नावावर, लँड रजिस्ट्रीत वेगळी नोंद. उद्या फ्लॅट विकला तर तुकडा वेगळा विकावा लागेल, एवढंच." भाच्यानं सांगितलं ते तिथल्यापुरतं खरंच होतं. तिथं ज्याची बाग असते, त्याच्याकडे बऱ्याचदा जमिनीची पूर्ण मालकी असते, आणि मालकी असलेल्याला तुकडा तोडून विकता येतो. अण्णांनी त्यातलं 'होतं' एवढंच ऐकलं.

व्यवहार लगेच ठरला. अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातले 2 लाख रुपये इसार म्हणून दिले. शंभराच्या स्टँप पेपरवर साठेखत टाइप झालं, नोटरीचा शिक्का बसला. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेल्या आणि मुद्रांक शुल्क भरलेल्या दस्तानंच जमिनीचा हक्क बदलतो, हे अण्णांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात गवंडी लावून त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला तीन फुटांचं भगदाड पाडलं. फाटक बसवायचं होतं. पहारीचा एक घाव सांडपाण्याच्या पाइपवर बसला आणि संध्याकाळपर्यंत तळमजला घाणीनं भरला.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी बाई खाली आल्या. बालमोहनमध्ये आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, इमारतीत सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी आरडाओरडा केला नाही. प्लंबर बोलावला, पाइप जोडून घेतला, आणि अण्णांना म्हणाल्या, "उद्या सकाळी वर या. साठेखत घेऊन या. कपाटातले कागद आपण दोघं मिळून वाचू."

इथं थोडं थांबून मागचं सांगायला हवं, कारण शिवाजी पार्क-दादर-माटुंगा भागात पुष्कळांना आपलं घर कुठल्या हक्काच्या जमिनीवर उभं आहे हे ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 1896 साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळींत माणसं मेली. त्या धक्क्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडची वाड्या-खाचरं ताब्यात घेतली, रस्ते आखले, प्लॉट पाडले. ते बहुतेक प्लॉट विकून टाकले नाहीत, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले. इमारत बांधणाऱ्याची, जमीन शहराची. 1933 मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला आणि असे कितीतरी पट्टे पालिकेकडे आले. मैदान 1925 साली खुलं झालं ते माहीम पार्क या नावानं. 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं, ते शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या गोल कोपऱ्यांच्या, लांब गॅलऱ्यांच्या इमारती मुख्यत्वे त्यानंतरच्या.

आणि या इमारतींच्या मधली मोकळी जागा कुणाच्या हौसेनं सुटलेली नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून उंच असू नये, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतसुद्धा आभाळाचा उजेड येतो. प्लेगनं शिकवलेली ती गोष्ट होती. आज नियमांचे आकडे बदलले, पण प्लॉटच्या चारही बाजूंना जागा सोडायची ही शिस्त तिथूनच आलेली. अण्णांच्या खिडकीला जो उजेड मिळत होता, तो सोसायटीच्या पट्टीमुळे आणि माईंच्या पट्टीमुळे, दोन्ही कायम मोकळ्या राहतील असं कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी ठरवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लोखंडी कपाटातून कापडात गुंडाळलेला भाडेपट्टा काढला. जाड कागद, इंग्रजी मजकूर, कडा तपकिरी झालेल्या. शेवटच्या पानावरचं परिशिष्ट त्यांनी अण्णांपुढं सरकवलं. "ही चतुःसीमा. वाचा."

अण्णांनी वाचलं. एका बाजूला चाळीस फुटी रस्ता, दुसऱ्या बाजूला अमुक नंबरचा प्लॉट, तिसऱ्या बाजूला तमुक, चौथ्या बाजूला गल्ली.

"यात तुमचा फ्लॅट कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"फ्लॅट कसा असेल? हा प्लॉटचा कागद."

"बरोबर. तुमच्याजवळ काय आहे? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. तुम्ही सभासद, घर तुमचं, तिथं राहायचा, ते विकायचा, मुलांना द्यायचा हक्क तुमचा. पण तुमच्या घराच्या भिंतीबाहेरचा एक इंचही तुमच्या एकट्याचा नाही. माझ्याही नाही. सोसायटी पट्टेदार आणि पालिका मालक. वर्षाला भुईभाडं भरतो आपण, तुमच्या मेन्टेनन्सच्या बिलात असतं ते."

"पण बाई, मी सोसायटीचं मागतच नाही. माईंचं विकत घेतोय."

"माईंचं तरी कुठं आहे?"

अण्णा गप्प झाले. बाईंनी मग एकेक मुद्दा मांडला, आणि मला वाटतं असा मुद्देसूदपणा प्रत्येक सोसायटीत एका तरी माणसाकडे असायला हवा. माईंचे सासरेही पट्टेदारच होते. असल्या पट्ट्यांत अट असते की पालिकेच्या लेखी परवानगीशिवाय हक्क दुसऱ्याला देता येणार नाही आणि प्लॉटचे तुकडे पाडता येणार नाहीत. समजा परवानगी मागितली. तुकड्याची वेगळी मोजणी व्हायला हवी, सिटी सर्व्हेत वेगळं मालमत्ता पत्रक निघायला हवं. वेगळ्या प्लॉटला रस्ता लागतो, आणि माईंच्या मागच्या पट्टीला रस्ताच नाही. शिवाय माईंच्या घराचं चटईक्षेत्र सगळ्या प्लॉटवर मोजलेलं आहे. मागची जागा तोडली की उरलेल्या जमिनीला ते घर मोठं ठरतं, आणि माईंच्या घराभोवती सोडायची जागा कमी पडते. म्हणजे विकणाऱ्याच्या घराला बाध येतो आणि घेणाऱ्याला त्या तुकड्यावर छप्परही घालता येत नाही.

"आणि हे बघा," म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. आदल्या वर्षी, ऑगस्ट 2010 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्याच पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला होता. बिल्डरला इमारतीखालची स्टिल्टमधली पार्किंगची जागा फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही. ती सामायिक सोयींचा भाग असते. "ते पार्किंगचं झालं. पण विचार एकच आहे अण्णा. इमारतीभोवतीची जागा फ्लॅटसारखी सुट्टी सुट्टी विकायची वस्तू नाही."

"मग काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. माईंनी आणि सोसायटीनं मिळून पालिकेकडे अर्ज करायचा. ती पट्टी आपल्या प्लॉटला जोडून मिळाली, तर मिळाली. त्याला पालिका अधिमूल्य मागेल, वेळ लागेल, नकारही येईल. पण दिली तर सोसायटीच्या नावावर देईल."

"म्हणजे पैसे माझे, आणि फुलं चौदा घरांची?"

"हो," बाई म्हणाल्या.

अण्णा उठून गेले. त्या संध्याकाळी ते मैदानाच्या कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्या रागाचं मला नवल वाटत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर सामायिकपणाची फक्त भांडणंच पाहिली, त्याला सामायिक हा शब्द ऐकूनच धडकी भरणार. गॅलरी सगळ्यांची म्हणून अबोली कुणाचीच नाही, जमीन सगळ्यांची म्हणून आंबे वानराचे, आणि आता खिडकीबाहेरची पट्टी सगळ्यांची म्हणून तिथं राबिट. मग एकट्याच्या नावाचा कागद मागण्यात त्याचं चुकलं कुठं? रात्री त्यांनी काकींना हेच विचारलं. काकी म्हणाल्या, "अहो, राबिट तिथं पडलं ते जागा सगळ्यांची म्हणून नाही पडलं. कुणी उचललं नाही म्हणून पडलं. तुम्ही तरी कधी उचललंत?"

दुसऱ्या दिवशी अण्णा माईंकडे गेले. इसार परत मागायला. वरती मजूर गच्चीवर काम करत होते.

माई म्हणाल्या, "पैसे गच्चीत गेले, अण्णा. पण मी तुम्हाला फसवलं असं मनात आणू नका. हे घर सासऱ्यांचं म्हणून जमीनही त्यांचीच, असं मी धरून चालले. दरवर्षी पालिकेची पावती येते, मी पैसे भरते. वाचली कधीच नाही."

दोन लाख रुपये त्यांच्यासाठी थोडे नव्हते आणि अण्णांसाठीही नव्हते. कोर्टात जायचं म्हटलं तर अण्णांना साठेखतातून जमीन मिळणार नव्हतीच. पैसे मिळाले असते, पण किती वर्षांनी आणि माईंचं काय करून? बराच वेळ दोघं बोलले नाहीत. मग माईंनी कमरेचा जुडगा सोडला आणि मागच्या दाराची किल्ली वेगळी काढली. "जागा विकता येत नसेल. किल्ली द्यायला तर पालिकेची परवानगी लागत नाही ना? या, लावा काय लावायचं ते."

"माई, किल्ली म्हणजे तुम्ही आहात तोवर. पुढं?"

"माझ्या सासऱ्यांनीही ही जमीन मुदतीवरच घेतली होती," माई म्हणाल्या. "तरी त्यांनी चाफा लावलाच."

बाईंनी कागद केला, ओळखीच्या वकिलाला दाखवला. साठेखत रद्द. दोन लाख हातउसने, माईंनी दरमहा 5 हजार फेडायचे. अण्णांना मागच्या जागेत बागकाम करायची मुभा, त्यातून कुठलाही मालकी हक्क निर्माण होणार नाही, माई केव्हाही ती काढून घेऊ शकतात. अण्णांनी सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरला, असं बाई सांगतात. भिंतीचं भगदाड त्यांनी स्वखर्चानं बुजवलं. फाटक बसलं नाही. बागेत जायचं तर गल्लीतून वळसा घालून, माईंच्या पुढच्या दारावर टकटक करून.

तो वळसाच कामाला आला, असं माझं मत आहे. भिंतीत फाटक असतं तर अण्णा सरळ बागेत गेले असते आणि सरळ घरी आले असते. आता रोज सकाळी माईंशी बोलणं होई. त्यांच्या औषधांच्या गोळ्या आणणं, गॅसचा नंबर लावणं हे आपोआप अण्णांकडे आलं. जमीन खणली तर फूटभर खाली वाळू आणि शिंपले निघाले. माहीमची किनारपट्टीच ती, इथं पूर्वी नारळाच्या बागा होत्या. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून अण्णांनी पालापाचोळा कुजवायला खड्डा केला. पाला कमी पडला तेव्हा मैदानाभोवती झाडलोट करणाऱ्यांशी बोलून रेन ट्रीची पानं गोणीत भरून आणली. मग ओला कचरा हवा म्हणून सोसायटीतल्या घरांकडे गेले. चार घरांनी भाज्यांची देठं द्यायला सुरुवात केली, पुढं अकरा घरांनी. दुसऱ्या मजल्यावरची, ज्यांनी अतिक्रमणाचं पत्र लिहिलं होतं, ती मंडळीही त्यात होती.

मोगरा आला, अळू आलं, अबोली आली. पहिल्या श्रावणात अण्णा फुलं मोजून घरी आणत. माईंनी एकदा विचारलं, "मोजता कशाला?" उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. त्या वर्षी गणपतीत त्यांनी पहाटे उठून दुर्वा, जास्वंद आणि अबोलीच्या चौदा पुड्या बांधल्या आणि प्रत्येक दाराला लावल्या. पंधरावी माईंना. तिसऱ्या मजल्यावरची सून खाली येऊन म्हणाली, "अण्णा, अबोली कुठली हो? आमच्या सासूबाईंना गजरा हवाय," आणि अण्णांनी तिला सरळ बागेत नेलं.

माई 2014 च्या अखेरीस गेल्या. हातउसने पैसे तोवर जवळजवळ फिटले होते. राहिलेले दोन हप्ते पुतण्यानं तेराव्यानंतर स्वतः आणून दिले. घर वारसाहक्कानं त्याच्याकडे आलं, पालिकेची रीतसर परवानगी घेऊन त्यानं विकासकाशी करार केला. घर पाडलं गेलं. उंच इमारतीला अग्निशमन दलाची गाडी फिरायला 6 मीटर मोकळी वाट ठेवावी लागते. ती वाट बरोबर बागेवरून गेली. झाडं काढण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची नोटीस चाफ्याच्या खोडावर चिकटवली गेली. 1975 च्या वृक्ष कायद्यानं हरकत घेता येते. अण्णांनी घेतली, सुनावणीला गेले, बोलले. अखेर बदल्यात नवी झाडं लावण्याच्या अटीवर परवानगी मिळाली आणि चाफा गेला.

ज्यांना हा शेवट वाईट वाटेल, त्यांनी दुसरा शेवटही डोळ्यांपुढं आणून पाहावा. अण्णांनी साठेखत धरून ठेवलं असतं, तर विकासकाच्या वकिलानं पहिल्या नोटिशीतच ते बिननोंदणीचं, बिनपरवानगीचं ठरवलं असतं. अण्णा दिवाणी कोर्टात गेले असते. पुतण्या शत्रू झाला असता, माईंची शेवटची तीन वर्षं वाईटपणात गेली असती, आणि जमीन तरी कुठं मिळाली असती? सोसायटीनं भिंतीच्या भगदाडावरून वेगळी तक्रार केली असती. मुंबईत असे कागद उशाशी घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मातीला हात न लागता त्यांची वर्षं निघून जातात.

अण्णांनी माईंच्या चाफ्याच्या बिया रुजवून तीन रोपं केली होती. त्यातलं एक जगलं. 2015 च्या सर्वसाधारण सभेत, ऑडिट आणि लिफ्टचा विषय संपल्यावर, ते उभे राहिले आणि म्हणाले, की आपल्या स्वतःच्या पट्टीतलं राबिट काढायचं का? खर्च मी अर्धा देतो.

"आणि मग ती जागा तुमची?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. चतुःसीमा वाचलीय मी," अण्णा म्हणाले. "सोसायटीची. नाव कुणाचंच नको."

चर्चा तासभर चालली. दोघांना तिथं पार्किंग हवं होतं. बाईंनी नियम काढून दाखवला, की सभेच्या ठरावाशिवाय मोकळी जागा कुणालाही एकट्याला वापरता येणार नाही, आणि सात फुटांत गाडी तशीही वळत नाही. ठराव झाला. राबिट गेलं, स्कूटर भंगारात गेली, त्या पैशांत लाल मातीचा टेम्पो आला.

खरं भांडण झालं ते काय लावायचं यावर. चाफा आपल्या खिडकीसमोर हवा, हा अण्णांचा एकच हट्ट. काकी रोज ज्या खिडकीशी पोळ्या लाटत, तीच खिडकी. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, चाफा पंधरा-वीस वर्षांत वर चढेल आणि आमच्या घरात दिवसा दिवे लावावे लागतील. तिचं बरोबर होतं. बाईंनीही तिच्या बाजूनं हात वर केला, आणि मग उजेड कसा येतो यावर दहा मिनिटं शिकवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं कढीपत्ता सुचवला. तो फार उंच होत नाही आणि सगळ्यांना लागतो. मतं घेतली. खिडकीसमोर चाफ्याला चार, कढीपत्त्याला नऊ. चाफ्याला मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीशेजारी जागा मिळाली. अण्णांच्या घरातून तो कोपरा दिसत नाही.

दोन्ही खड्डे अण्णांनीच खणले. चाफ्याचा अडीच फूट खोल, तळाला कुजलेला पाला. कढीपत्ता त्यांनी सुनेला खाली बोलावून तिच्याकडून लावून घेतला. मग बाईंनी नोटीस बोर्डावर पाण्याच्या पाळ्या लिहिल्या. अण्णांच्या वाट्याला गुरुवार आला.